ठिपक्यांची सावली

आमच्या वसतिगृहात मुलीचं नाव घालायचं तर जन्माचा दाखला लागतो, दृष्टी नसल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो, आणि तिच्या घरच्या एका डोळस माणसाला आठ दिवस आमच्याकडे मुक्काम करून ब्रेल शिकावं लागतं. पहिल्या दोन अटी सरकारच्या. तिसरी माझी. या तिसरीवरून माझ्याशी भांडलेल्यांत देणगीदार आहेत, साहेब लोक आहेत, मुलींचे बाप आहेत आणि माझा पोटचा मुलगाही आहे. ज्याला दिसतं त्याला ठिपके कशाला शिकवता, असं सगळे विचारतात. मी चहा मागवते. चहा येईपर्यंत विषय बदलतो.

खरं कारण सांगायचं मी टाळत आले, कारण त्यात मी काही फार बरी दिसत नाही. तरुणपणी मला चांगलं दिसायची हौस दांडगी होती, आरशाचा काडीचा उपयोग नसताना. आता सत्तरी उलटली. हौस फिटली. तेव्हा सांगते.

मी पाच वर्षांची असताना गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. आमचं गाव बीडहून पालीकडं जाताना लागतं. माझ्या मायनं याला त्याला विचारून लांबच्या शहरातल्या आंधळ्या मुलींच्या शाळेचा पत्ता काढला आणि मला तिथं नेऊन सोडलं. त्या शाळेतून दर महिन्याला घरी कार्ड जायचं. देखरेखीच्या बाई आम्हाला रांगेनं बोलवायच्या, गाव विचारायच्या आणि लिहायच्या: मी खुशाल आहे, अभ्यास चांगला चालू आहे, काळजी नसावी. सगळ्यांच्या कार्डावर तेच. एकदा मी म्हटलं, बाई, शेजारच्या खाटेवरच्या मुलीनं माझी गोधडी घेतलीय आणि परत देत नाही, तेवढं लिहा. बाई म्हणाल्या, ते कळून तुझ्या आईला काय मिळणार? आणि त्यांनी खुशालच लिहिलं. मला पेनाच्या आवाजावरून कळलं. गोधडीची गोष्ट त्याहून लांब होती.

त्या दिवशी मी ठरवलं की मोठी झाल्यावर माझ्या मुलींच्या तोंडी परके शब्द कुणाला घालू देणार नाही. पुढं हा प्रसंग मी इतक्या भाषणांत सांगितला की टाळ्या कुठं पडणार ते मला पाठ झालं. मी तिथं थांबायचे.

सव्विसाव्या वर्षी बीडला बिंदुसरेच्या काठच्या पेठेत तीन खोल्या भाड्यानं घेऊन मी हे वसतिगृह काढलं. अकरा मुली होत्या. त्या काळी आंधळ्या मुलाला लोक कधीमधी शाळेत घालत, निदान भजनात पेटी तरी वाजवील म्हणून. आंधळ्या मुलीला कुणी घालत नसे. ती घरात बसून धान्य निवडायची, आणि पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत जायला सांगायचे. अशा मुली शोधत मी एसटीनं गावोगाव फिरायचे. कडक इस्त्रीची सुती साडी, काळा चष्मा, हातात पांढरी काठी आणि रेडिओवर बातम्या सांगतात तसली भाषा. मी बोलायला लागले की लोक गप्प व्हायचे. मला वाटायचं, ते माझ्या विद्वत्तेनं. आता वाटतं, त्यांना त्यातलं निम्मं कळतच नसावं.

वडवणीच्या बाजारात एका भाजीवालीनं मला सांगितलं की जवळच्याच एका गावात आठ-नऊ वर्षांची, जन्मापासून न दिसणारी पोरगी आहे, आणि अक्कल अशी की नुसत्या ओरडण्यावरून कोणती शेळी कुणाची ते सांगते. मी तशीच त्या गावाला गेले. पोरीचे आई-बाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की टोळीबरोबर उसाच्या फडावर, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. पोरगी बरोबरच जायची. आई-बाप दिवसभर ऊस तोडायचे आणि ही उसाच्या पाचटाच्या खोपटात, म्हणजे कोपीत, बसून तान्ह्या भावाची झोळी हलवायची. लांब जाऊ नये म्हणून आई तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक कोपीच्या मेढीला बांधून ठेवायची. हे आईनंच सांगितलं, लाजून नाही आणि मिरवूनही नाही.

मी माझं भाषण केलं. ज्ञानाचा प्रकाश, स्वावलंबन, सगळं. आई ऐकत होती. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या, म्हणजे हातातलं काम तिनं खाली ठेवलं होतं. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"बाई, आमी तिकडं फडावर. तिला हितं कुनी मारलं, उपाशी ठिवलं, आनखी काई केलं, तर मला कोन सांगंल?"

'आनखी काई' म्हणताना तिचा आवाज खाली गेला. मी म्हणाले, तीच सांगेल. दिवाळीच्या आत तिला लिहायला शिकवते. तुम्ही फडावर असाल तेव्हा दर महिन्याला ती स्वतःच्या हातानं कागद लिहील, आणि तो मी स्वतः आणून तुम्हाला वाचून दाखवीन.

"तिनं लिवलंय तेच वाचताल?"

तेच, मी म्हणाले, आणि लगेच गोधडीची गोष्ट सांगितली. टाळ्यांच्या जागी सवयीनं थांबले. टाळ्या पडल्या नाहीत, पण पोरगी मिळाली.

ती जूनमध्ये आली. ब्रेल म्हणजे सहा ठिपक्यांचा खेळ. दोन उभ्या ओळी, एकेकीत तीन जागा, आणि त्यातले कोणते ठिपके वर उठले आहेत त्यावरून अक्षर ठरतं. मी सुरुवात पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवलेल्या ज्वारीच्या दाण्यांनी करायचे. बोट सरावलं की मग कागद. लिहायचं तर धातूच्या पाटीत जाड कागद अडकवायचा आणि टोचणीनं एकेक ठिपका पाडायचा, तोही मागच्या बाजूनं, उजवीकडून डावीकडं. कागद पालटला की सुलट वाचता येतं. या उलट्यासुलट्यानं मोठ्या मुली महिना महिना रडायच्या. हिला आठवड्यात जमलं. दिवाळीपर्यंत तिची टोचणी कोंबडी दाणे टिपते तशी चालायची.

त्या वर्षी टोळी आष्टीच्या पुढं, कडा गावाजवळच्या उसात होती. पहिला कागद घेऊन मी एसटीत बसले. आष्टी यायच्या आधीच पिशवीत हात घालून वाचून काढला. लिहिलं होतं: "आई. हितली भाजी आळणी आसती. बाई घोरत्यात. त्या म्हनत्यात मी घोरत न्हाई. मोठ्या पोरी माझी येनी वढत्यात. भाऊ रडतो का. झोळी कोन हलवतं."

मी घोरत नाही. अलीकडं नातवंडं माझं घोरणं मोबाइलमध्ये भरून घेतात आणि मलाच ऐकवतात. तो आवाज दुसऱ्या कुणाचा तरी आहे, असं माझं अजूनही मत आहे.

फडावर पोचले तेव्हा बायका भाकरी खायला बसल्या होत्या. तोडलेल्या उसाचा गोड आंबूस वास होता. आईनं येऊन माझा हात धरला. तिची बोटं उसाच्या रसानं चिकट होती आणि तळहात वाळलेल्या चामड्यासारखा. मी बसले, कागद मांडीवर पसरला आणि त्याच्यावर बोट ठेवलं. तसा बायकांचा घोळका भोवती गोळा झाला. एक म्हणाली, बगा गं, बोटानं वाचती. दुसरी म्हणाली, गप की, ऐकू दे. मी घसा साफ केला. इतक्या शांततेत मला तोवर कुठल्याही सभेनं ऐकलं नव्हतं.

"आई," मी वाचलं. बायका हळहळल्या.

"हितली भाजी," मी वाचलं, आणि बोट पुढच्या शब्दावर असताना जीभ आपोआप दुसरीकडं वळली. "लई चांगली आसती."

झालं. पुढचं सोपं होतं. बाई लई माया करत्यात. मोठ्या पोरी माझी येनी घालत्यात. भावाचं आणि झोळीचं मात्र जसंच्या तसं वाचलं, खोट्याला थोडं खरं लावलेलं असलं की ते पचतं म्हणून. झोळी कोण हलवतं, हे ऐकून आईला रडू आलं. तिनं कागद मागून घेतला, घडी घातली आणि पदराच्या गाठीत बांधला.

परत येताना मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. ही एक मुलगी गेली तर बाकीच्यांचे आई-बापही मुली नेतील. वसतिगृह बंद पडेल. वेणी काय, कुठंही ओढतात. आणि खरं सांगायचं तर मोठं कारण हे होतं, की भाजी मी करत होते.

दुसऱ्या महिन्याच्या कागदात 'आई, तू कवा येतीस' असं होतं. तो मी आणखी छान वाचला. त्यात शेवयाची खीर घातली. बायकांना ती फार आवडली. मला वाटायला लागलं की मुलीपेक्षा मीच बरं लिहिते.

तिसरा कागद नेहमीप्रमाणे एसटीत वाचला. "आई, मला न्यायाला ये. मला दोन दिस ताप व्हता. मी लिवती तरी तू येत न्हाईस. बाई तुला वाचून दावत्यात का."

एवढंच होतं. आष्टी गेलं, कडा आलं, तरी माझं बोट शेवटच्या ओळीवरून हललं नव्हतं. ताप खराच होता. मी तिच्याजवळ बसून होते, डॉक्टरला बोलावलं होतं, आणि आता ती बरी होती. उतरलेल्या तापाचं आईला सांगून आता काय करायचं? ते कळून तिच्या आईला काय मिळणार, असं माझ्या मनात आलं.

शब्दन् शब्द तोच. मला तो ओळखू आला. त्या देखरेखीच्या बाईंचा आवाजसुद्धा ऐकू आला. आणि तरीही मी फडावर जाऊन, बायकांच्या घोळक्यात बसून, कागदावरून शांतपणे बोट फिरवत वाचलं: आई, मी खुशाल हाय.

पाडव्याच्या आधी टोळी परतली. आई गावाकडं जायच्या आधी बीडला उतरून थेट वसतिगृहात आली. लेकीसाठी गुळाची ढेप आणली होती. मी तिला हाक मारली. पोरगी आली, पण दारातच उभी राहिली. आईनं जवळ ओढलं तरी तिचे पाय घासतच आले, ते मला ऐकू आलं.

"मी लिवलं व्हतं ये म्हनून," पोरगी म्हणाली. "तू आली न्हाईस."

आई म्हणाली, तू तर लिवलंस की मजेत हाय, खीर खाल्ली. पोरगी म्हणाली, म्या न्हाई लिवलं. आईनं तापाचं विचारलं नाही, वेणीचं विचारलं नाही. तिला काहीच ठाऊक नव्हतं, मग विचारणार काय? पोरीनं एकेक कागद तोंडपाठ म्हणून दाखवला. माझ्या घोरण्यासकट. मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. काळा चष्मा होता डोळ्यांवर. त्या दिवशी प्रथम कळलं की चष्म्याआड लपता येत नाही.

आई माझ्याकडं वळली. आवाज चढला नाही.

"बाई, तुमाला दिसत न्हाई. मला दिसतं. तरी तुमी मलाच आंधळी केली."

तिनं पोरीची पत्र्याची पेटी उचलली. पेटीची कडी दारापर्यंत वाजत गेली. गुळाची ढेप माझ्या टेबलावर राहिली. मुंग्या लागेपर्यंत मी तिला हात लावला नाही, आणि मुंग्या चावल्या तेव्हा बरंच वाटलं.

मी मायकडं गेले. रडत गेले, पण सांगितलं ते असं, की लोकांना शिक्षणाची किंमत नाही वगैरे. माय माझी सगळी भाषणं फुकट ऐकलेली. तिनं खोदून खोदून विचारलं आणि खरं बाहेर काढलं. मग म्हणाली, तुझी शाळेतनं कार्डं यायची ना, ती पोस्टमननं वाचायच्या आधी मीच म्हनून दावायची. मी खुशाल हाय, अभ्यास चांगला चालू हाय. पोस्टमन म्हणायचा, मावशी, तुमी तर वाचायला शिकल्या. मी विचारलं, खोटं आहे हे ठाऊक होतं तर मला परत का नाही आणलंस?

"आनायला निगालते दोनदा," माय म्हणाली. "खरं कळलं असतं तर ठरवलं तरी असतं, आनायचं का ठिवायचं. नुसतंच कुडत बसले."

सहा वर्षं ती तशी बसली होती आणि मी तिच्या जिवावर टाळ्या घेतल्या होत्या. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, जा. पोरगी मागू नको. जे खोटं वाचलंस ते खरं करून ये.

वैशाखात मी वडवणीला उतरून त्या गावी गेले. या वेळी साडीला इस्त्री नव्हती. मुद्दाम नव्हती, हाही एक नखराच. घरात गेल्यावर कुणी पाणी विचारलं नाही. आमच्याकडं वैऱ्यालाही पाणी विचारतात. मी दाराजवळ बसले आणि सांगितलं की मुलीला न्यायला आले नाही, ते तीन कागद असतील तर खरे वाचून दाखवायला आले आहे. नसतील तर माफी मागून जाते.

मग आत पेटी उघडल्याचा आवाज आला. कागद जपून ठेवले होते. मी हात पुढं केला.

"तुमी न्हाई," आई म्हणाली. "ती वाचंल."

पोरगी माझ्या शेजारी बसली. घडी घालून घालून कागद मऊ पडला होता, एका कोपऱ्याला उसाचा रस वाळून कडक झाला होता. तिनं अडखळत वाचलं. भाजी आळणी आसती. बाई घोरत्यात. त्या म्हनत्यात मी घोरत न्हाई. तिथं आईच्या नाकातून एक आवाज आला. हसू होतं की काय ते मी अजून ठरवू शकलेले नाही. दुसरा कागद झाला. तिसऱ्याला पोरीचं बोट थांबलं. कागदावर बोट थांबलं की मला कळतं, घासण्याची सरसर बंद होते. मग तिनं वाचलं, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. बाई तुला वाचून दावत्यात का.

आईनं विचारलं, हे तूच लिवलंस? तुझ्या हातानं? पोरगी हो म्हणाली. म्हंजी तू समदं सांगितलं व्हतंस मला, असं आई दोनदा म्हणाली. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं.

"कावून खोटं वाचलं, बाई?"

"भीती वाटली. तुम्ही तिला नेताल म्हणून."

"मंग नेलीच की."

रेडिओची भाषा त्या वेळी काही कामाची नव्हती. बाहेर शेळ्या ओरडत होत्या आणि पोरगी सवयीनं पुटपुटली, ही पाटलाची, ही आपली. आईनं उठून माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी पीत असताना म्हणाली, मी शाळेची पायरी चढले न्हाई. अक्षर मला एक वळकू येत न्हाई. पर हे तर सहाच ठिपके हायत ना?

मी हो म्हणाले.

"मला शिकवा. मग पाठवते."

ती आठ दिवस आमच्याकडं राहिली. पहिल्याच दिवशी तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि भाजीत मीठ पडलं. अकरा मुलींनी ताट वाजवून आनंद केला, तोही मी ऐकून घेतला. ज्वारीचे दाणे तिनं झटक्यात ओळखले. आयुष्य दाणे हाताळण्यात गेलेलं. पण कागदावर आलो आणि गाडं अडलं. कोयता धरून धरून बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. ठिपका तिला लागेचना. मी तेल लावायला सांगितलं, कोमट पाण्यात हात बुडवायला सांगितलं, स्वतः तिची बोटं चोळली. दोन दिवस गेले. पोरगी म्हणाली, आई, तुझी बोटं लई जाड हायत. आईनं माझ्या हातातून बोटं सोडवून घेतली. मला वाटलं, उद्या ही जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावरून तिचा आवाज आला. तुटक तुटक, पण अक्षरं बरोबर. मी विचारलं, बोटाला लागायला लागलं का? ती म्हणाली, न्हाई. डोळ्यानंच वाचती. मी म्हटलं, पांढऱ्या कागदावर पांढरे ठिपके, डोळस माणसांना दिसतच नाहीत म्हणतात. तेव्हा तिनं मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. सरळ धरला तर दिसत नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात कागद जरा आडवा धरायचा.

"ठिपक्याला सावली पडती, बाई. मी सावली वाचती."

वीस वर्षं मी ठिपक्यांत बोटं घालून बसले होते. त्यांना सावली असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या वर्षाआधीचं मला फारसं काही आठवत नाही. सावली म्हणजे उन्हातून चालताना अंगाला गार लागते ती जागा, एवढंच मला ठाऊक. टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्याची सावली केवढी असेल, याचा विचार करत मी त्या दिवशी बसून राहिले आणि दूध उतू गेलं.

पोरगी परत आली. तेव्हापासून अट आहे. अटीमुळं काही मुली आल्या नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. आठ दिवस कोण मोकळं असतं? एका बापानं तर मला तोंडावर सांगितलं की लेक आंधळी, वर बायकोला शाळा, हे जमणार नाही. त्या मुलीचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मी दोनदा जाऊन आले, दार उघडलं नाही. त्या मुलीचं ओझं माझ्याकडं आहे आणि राहील. पण ज्यांच्या घरातून कुणी शिकलं, त्या मुलींच्या कागदांना मला कधी हात लावावा लागला नाही. आया आल्या, आज्या आल्या, एक चुलता आला. कितीतरी बायकांना आयुष्यात पहिल्यांदा वाचता आलं ते ब्रेल. सकाळी आमच्या ओसरीवर कागद तिरपे धरून बसलेल्या असतात, असं मला सांगतात.

पुढच्या हंगामात, दिवाळीनंतर महिन्याभरानं, फडावरून एक पाकीट आलं. वर पत्ता मुकादमानं लिहिला होता, आत आईनं स्वतः टोचलेला कागद. जाताना ती माझी एक जुनी पाटी आणि टोचणी मागून घेऊन गेली होती. पाकीट माझ्या हातात पडलं. कागद इतका दाबून टोचलेला होता की बाहेरूनसुद्धा ठिपके लागत होते. दोन ओळी असाव्यात. अंगठा थोडा सरकवला असता तर पहिला शब्द कळला असता.

मी अंगठा उचलला. पाकीट कडेला धरून, मेलेला उंदीर शेपटीनं धरतात तसं, पोरीकडं घेऊन गेले. तिनं फोडलं. बोट फिरल्याची सरसर ऐकू आली. ती हसली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी विचारलं, काय लिहिलंय गं?

"ते माझ्या आईचं हाय," ती म्हणाली, आणि घडी घातली.

आज ती आमच्याच वसतिगृहात शिकवते. आठ दिवसांचा आयांचा वर्ग तीच घेते. त्या दोन ओळी तिनं मला अजून सांगितलेल्या नाहीत, आणि विचारायचं मी सोडलेलं नाही.

गेल्या वर्षी तिची आई गेली. दिवस झाल्यावर ती पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडं आली. डब्यात लेकीचे सगळे कागद होते, वर्षावर्षांचे, दोऱ्यानं बांधलेले. सगळ्यात वर पहिले तीन. ते तिनं सोडवून माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, बाई, हे आता वर्गात तुम्ही वाचायचे. उसाच्या रसाचा तो कोपरा अजून कडक आहे. ठिपके मात्र खूप बसले आहेत, मन लावून शोधावे लागतात.

या जूनमध्ये नव्या आया आल्या. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, आमाला दिसतं की, आमाला हे ठिपके कशाला? मी चहा मागवला नाही. कागद मांडीवर घेतला, बोट ठेवलं आणि वाचलं, हितली भाजी आळणी आसती, बाई घोरत्यात. बायका खदखदून हसल्या. हसणं थांबल्यावर कुणीतरी म्हणालं, फुडं वाचा.

मी पुढं वाचलं.